शोरूम बाईकचं की कारचं, यापेक्षा काम कोणतं ते बघा

पत्र: मुलानं ऑटोमोबाईल डिप्लोमा पूर्ण केला आहे. बार्शीतल्या एका मोटारसायकल डीलरनं त्याला सेल्स एक्झिक्युटिव्ह म्हणून 14,000 रुपयांवर बोलावलं आहे. पण तेच डीलर म्हणतात, बाईकची मागणी पूर्वीसारखी राहिली नाही, माणसांचा खर्च झेपत नाही, आता कारचे दिवस आलेत. मग त्यानं सोलापूर किंवा पुण्यात कारच्या शोरूमसाठीच थांबावं का? – एक पालक, बार्शी

उत्तर:

नमस्कार,

डीलरसाहेबांचं म्हणणं खोटं नाही. 2018-19 मध्ये देशात साधारण 1.36 कोटी मोटारसायकली विकल्या गेल्या, 2024-25 मध्ये 1.22 कोटी. याच काळात कार आणि एसयूव्ही 34 लाखांवरून 43 लाखांवर गेल्या. मोटारसायकल मागे पडली याचं एक मोठं कारण म्हणजे ती महागली. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागू लागला, 2019 मध्ये एबीएस-सीबीएस या सुरक्षित ब्रेकच्या यंत्रणा आल्या, एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष आले. शंभर-सव्वाशे सीसीचं गिऱ्हाईक हप्त्याचा हिशेब करून येतं, त्याला हे जड गेलं. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा यातला काही भार उतरला.

मात्र हे विक्रीचे आकडे कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचे आहेत. घरी गेलेल्या गाड्या मोजायच्या तर नोंदणीचे आकडे बघावे लागतात. डीलरांची संघटना ‘फाडा’ ते दर महिन्याला देते. दोन्हींतला फरक डीलरच्या गोदामात उभा असतो आणि त्यावर बँकेचं व्याज चढत असतं. 2024 च्या सणांआधी कारचा साठा देशभरात सत्तर-ऐंशी दिवसांवर गेला होता, आणि ‘फाडा’च्या मते तो 21 दिवसांचा हवा. म्हणजे कारच्या आलेखावर भुलून उडी मारण्यासारखं काही नाही. कारच्या शोरूमलाही मंदी येते, आणि तिथल्या एका उभ्या गाडीत दहा बाईकचा पैसा अडकलेला असतो.

आता माणसांच्या खर्चाचं बघू, कारण तुमच्या मुलाची नोकरी टिकणं न टिकणं त्यावरच ठरणार आहे. 14,000 हा सगळा मूळ पगार धरला, तर मालकाला भविष्यनिर्वाह निधीपोटी 13 टक्के म्हणजे 1,820 आणि ईएसआयपोटी (कामगारांच्या आरोग्य विम्यापोटी) 455 रुपये वर भरावे लागतात. बोनसची तरतूद धरली की माणूस सतरा हजारांच्या घरात पडतो. मुलाच्या हातात मात्र निधी, ईएसआय आणि व्यवसाय कर कापून 12,000 च्या आसपासच येतील. अशी वीस माणसं असलेलं आणि महिन्याला 150 गाड्या विकणारं शोरूम धरा. एका गाडीवर माणसांचा खर्च 2,270 रुपये बसतो. विक्री 90 वर आली की तोच 3,780 होतो. गाडीवरचं मार्जिन कंपनी ठरवते, डीलरला ते वाढवता येत नाही. मग कात्री पहिली चालते ती सेल्सच्या माणसांवर. दसरा-दिवाळीला भरती आणि नंतर कपात, हे चक्र या धंद्यात नेहमीचं आहे. तुमच्या भागात सोयाबीनचा पैसा हातात आला की बुकिंग येतं, पितृपक्षात शोरूम ओस पडतं.

वर्कशॉपला पितृपक्ष लागत नाही. आधी विकलेल्या गाड्या सर्व्हिसिंगला येतच राहतात आणि मंदीच्या महिन्यात भाडं-पगार त्यातूनच निघतात. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा: नोकरी याच डीलरकडे घ्या, पण सेल्सची नको, सर्व्हिस अॅडव्हायझरची मागा. म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून गाडी मेकॅनिककडे सोपवणाऱ्या माणसाची. डिप्लोमावाल्याला ती मागण्याचा हक्क आहे. बीएस-6 नंतर बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), स्कॅनरवर दिसणारा फॉल्ट कोड हे समजणारी माणसं तालुक्याच्या गावी कमी आहेत. स्कॅनर न लावता अंदाजानं सुटा भाग बदलायचा आणि तक्रार तशीच राहिली की गिऱ्हाइकाशी वाद, हे रोजचं दुखणं आहे. तिथे त्याचं शिक्षण कामाला येईल.

या कामात चूक होते ती जॉबकार्डावर, म्हणजे गाडीची तक्रार आणि काम लिहायच्या कागदावर. गिऱ्हाईक म्हणतं, ‘सकाळी थंड असताना गाडी झटके मारते’. कार्डावर नुसतं ‘पिकअप प्रॉब्लेम’ लिहिलं जातं. मेकॅनिक गरम गाडी फिरवून बघतो, काही सापडत नाही, गाडी तशीच परत जाते. गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, किलोमीटर टाकावेत, त्याच्यासमोर गाडी चालवून बघावी आणि अंदाजे खर्चावर सही घ्यावी. वॉरंटीचं काम त्याहून नाजूक. बदललेला जुना भाग टॅग लावून जपावा लागतो. किलोमीटरची नोंद नसेल किंवा आधीची सर्व्हिसिंग चुकलेली असेल तर कंपनी क्लेम नाकारते आणि तो भुर्दंड डीलरवर पडतो. क्लेम नीट पास करून आणणारा मुलगा मालक सहसा सोडत नाही, कारण त्यानं वाचवलेला पैसा महिन्याच्या हिशेबात दिसतो.

मुलाखतीला जाताना मुलानं नीट विचारून घ्यावं: रोज किती जॉबकार्ड होतात, बे (गाडी दुरुस्तीला लावायच्या जागा) किती, मेकॅनिक किती? एका मेकॅनिकवर दिवसाला आठ-दहा गाड्यांपेक्षा जास्त भार असेल तर काम उरकलं जातं, आणि शिव्या अॅडव्हायझरला बसतात. कंपनीच्या प्रशिक्षणाला पाठवणार का आणि प्रमाणपत्र त्याच्या नावावर मिळणार का, हेही विचारावं. सेल्सचंच काम गळ्यात पडलं तर एवढं पक्कं करा: इन्सेंटिव्ह बुकिंगवर की नोंदणी झाल्यावर, स्लॅब किती गाड्यांपासून, विमा आणि कर्जाच्या फाइलींचं टार्गेट त्याला जोडलेलं आहे का, आणि नोकरी सोडली तर राहिलेला इन्सेंटिव्ह मिळतो का. हे लेखी नसेल तर महिनाअखेरीला भांडण ठरलेलं.

कारचा रस्ता बंद होत नाही. दीड-दोन वर्षं इथं काढली की सोलापूर-पुण्यातल्या कार वर्कशॉपमध्ये तो अनुभव घेऊन अर्ज करू शकेल. नवख्या सेल्समनपेक्षा त्याची बाजू भक्कम असेल. त्यासाठी चारचाकीचं लायसन्स आत्ताच काढून ठेवा, कार वर्कशॉपमध्ये गाडी घेता-देता चालवावीच लागते. दुसरीकडे पुण्यात आठ-दहा हजार खोली आणि मेसला घालवून पंधरा हजारांची कार सेल्सची नोकरी आज धरली, तर शिल्लक बार्शीपेक्षा कमी राहील.

शेवटचं, आणि हे कृपया टाळू नका: नियुक्तीपत्र घेतल्याशिवाय रुजू व्हायचं नाही, त्यात मूळ पगार वेगळा लिहिलेला हवा. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा) क्रमांक पहिल्या पगाराबरोबर मागून घ्या. मूळ गुणपत्रिका कुणी ‘जमा करा’ म्हटलं तर झेरॉक्स द्या, मूळ प्रत देऊ नका.