तिसरा भुट्टा कोणासाठी होता?

नागपुरातल्या मनीष नगरच्या एका ताईंचं पत्र आलंय, वय ५२. त्यांचा शेरू, साधा गावठी कुत्रा, १३ वर्षं घरात होता, जानेवारीत किडनीच्या आजाराने गेला. मागच्या रविवारी फुटाळा तलावावर मिस्टरांनी भुट्टे घेतले, भाजल्याचा वास आला आणि ताईंना एकदम शेरूसोबतच्या चिखलदऱ्याच्या ट्रिपा आठवल्या, भर गर्दीत रडू फुटलं. मिस्टर म्हणाले, "किती दिवस चालवशील, कुत्रंच होतं ना, पोळा झाला की दुसरं पिल्लू आणू." तेव्हापासून घरात बोलणं कामापुरतं. ताई विचारतात की माझं डोकं फिरलंय का, भुट्टे खाऊनच त्याची किडनी गेली का, आणि मुलगा चिखलदऱ्याला चला म्हणून मागे लागलाय तर जाऊ की नको.

ताई,

डोकंबिकं काही फिरलेलं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी मधल्या एका स्टेशनवर थांबतं आणि मग पुढे जातं, वासाचं तसं नाही, तो नॉनस्टॉप जिथे आठवणी आणि भावना असतात तिथे जाऊन धडकतो. म्हणून तर शेरूचा फोटो तुम्ही रोज पाहता (फ्रिजवर लावलाय म्हणता) आणि काही होत नाही, अन् कोळशावरच्या भुट्ट्याचा धूर नाकात गेला की संपलं. आमचा मोती जाऊन २० वर्षं झाली तरी चहात टोस्ट बुडवताना शेवटचा तुकडा अजून माझ्या हातातच राहतो, मग मी तो स्वतः खाते आणि इकडेतिकडे बघते कोणी पाहिलं तं नाही ना.

आता किडनीचं. मी काही जनावरांची डॉक्टर नाही पण माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. म्हाताऱ्या कुत्र्यांना किडनीचा त्रास खूप कॉमन आहे आणि तो आतल्या आत चालू असतो, रक्तात क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं साधारण ७५ टक्के काम बंद पडलेलं असतं. म्हणजे तुम्ही लिहिलंय की "आधी लक्ष द्यायला हवं होतं", तर आधी दिसण्यासारखं फारसं नसतंच हो. आणि पावसाळ्यातून एखादवेळी बिनमिठाचे चार दाणे खाल्ल्याने किडनी जात नाही. भुट्ट्यात कुत्र्याला धोका असतो तो मधल्या दांड्याचा, गिळला तर आतड्यात अडकतो आणि ऑपरेशनची वेळ येते, तर तुम्ही तं दाणे काढून तळहातावर द्यायच्या. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट यातलं काही दिलं असतं तर मी रागावले असते. हे गिल्ट आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत (इडापिडा घेऊन जाणारा पुतळा) निघेल तिच्यासोबत पाठवून द्या. घेऊन जा गे मारबत!

पण मला खरं बोलायचंय ते मिस्टरांबद्दल. तुम्ही पत्रात त्यांच्यावर दीड पान लिहिलंय, दगड काय, मन नाही काय, आणि त्याच पत्रात एक वाक्य असं सहज टाकून दिलंय की मी ते तीनदा वाचलं. "ह्यांनी तीन भुट्टे घेतले, दोन तिखट-मीठ-लिंबू लावून आणि एक साधा." ताई, त्या दिवशी तुम्ही दोघंच होता ना फुटाळ्यावर? मुलगा पुण्यात आहे. मग तो साधा कोणासाठी होता?

त्यांनी मुद्दाम घेतला असं मी म्हणत नाही. मला वाटतं तोंडातून सवयीने निघून गेलं, भुट्टेवाल्याने तीन हातात ठेवले, तेव्हा त्यांना कळलं, आणि तेवढ्यात तुम्ही रडायला लागल्या. आता पन्नाशी ओलांडलेला आपला नागपूरचा माणूस अशा वेळी काय करणार, हातात एक जास्तीचा भुट्टा घेऊन चारचौघांत रडणार का? तो खेकसणार. बोलले ते वाईटच बोलले, ते मी झाकत नाही, "कुत्रंच होतं" हे कोणीच कोणाला म्हणू नये. पण तुमच्याच पत्रात हेही आहे की रेल्वेत शेरूला न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत टाका, आणि त्याला पेटीत टाकायला हे तयार नव्हते म्हणून दरवेळी गाडी काढायचे, कोंढाळी, तळेगाव, अमरावती, परतवाडा, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास स्वतः चालवत. मेळघाटात सफारीला कुत्रं नेता येत नाही (बरोबरच आहे ते, पाळीव कुत्र्यांचे रोग जंगलातल्या जनावरांना लागतात), तर बाहेर शेरूजवळ कोण थांबायचं? तीन ट्रिपा झाल्या आणि हा माणूस अजून एकदाही जिप्सीत बसलेला नाही. दगड असे नसतात.

तर चिखलदऱ्याला जा. मुलगा येतोय तर त्यालाही घ्या, पण गाडी मिस्टरांनाच चालवू द्या. परतवाडा सोडून घाट लागला की शेरू झोपेतून उठून खिडकीत उभा राहायचा म्हणता, तिथे तुम्हाला रडू येणार, येऊ द्या, तिथे फुटाळ्यासारखी गर्दी नाही. मागची सीट धुऊनपुसून घेऊ नका, त्याचे केस असतील तर असू द्या. आणि सफारी बुक करा दोघांची, यावेळी बाहेर थांबायचं काम नाही, त्यांनाही एकदा जंगल पाहू द्या.

पिल्लाचं इतक्यात ठरवू नका. तुम्ही नको म्हणून राहिल्या आणि ते आणू म्हणून राहिले, पण मला वाटतं दोघंही एकच बोलताय, घर रिकामं वाटतंय हे. पोळ्याची वगैरे तारीख लावू नका त्याला. एखादं आपणहून गेटापाशी येऊन बसतं, शेरूही तसाच आला होता ना, पावसात भिजलेला?

आज रात्री जेवण झाल्यावर, टीव्ही बंद करून, भांडणाचा आवाज न काढता फक्त एवढं विचारा की अहो, तिसरा भुट्टा का घेतला होता. मग गप्प बसा. ते उठून गच्चीवर गेले तर मागोमाग जा.

आणि हो, तो भुट्टा शेवटी कोणी खाल्ला ते तुम्ही लिहिलंच नाही. पुढच्या पत्रात कळवा.

तुमची मावशी