‘त्याला सांगा, नुसतं खेळ म्हणावं’

खेळणाऱ्या मुलांचे आईवडील पूर्वी माझ्याकडे समुपदेशनाला यायचे ते दुखापत, परीक्षा, फार तर मोबाईल यांसाठी. हल्ली वेगळीच काळजी घेऊन येतात. मुलगा राजकारणावर बोलतो, त्याला आवरायचं कसं? वाडीत दोन तट, घरातही दोन, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रोजचीच हाणामारी. त्यातली ही एक केस. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

2023चा जून. मालवणकडचं कुटुंब. मुलगा तेवीस वर्षांचा, कबड्डीत कोपरा सांभाळणारा, शिवाय मंडळाच्या लहान मुलींचा सराव घेणारा. 28 मे रोजी दिल्लीत विनेश फोगट, साक्षी मलिक वगैरे कुस्तीपटूंना पोलिसांनी रस्त्यावरून उचलून नेलं. कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. मुलाने कुस्तीपटूंच्या बाजूने स्टेटस टाकलं. मग मंडळाच्या ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत वाद, त्यात दोन-चार शिव्या. सकाळी मंडळाच्या अध्यक्षांचा निरोप आला: खेळात राजकारण नको.

मला हसूच आलं. आपल्याकडच्या नाइट टुर्नामेंट पाहिल्यात ना? कमानीवर नेता, चषकाला नेत्याचं नाव, जर्सीच्या पाठीवरही नेताच. तिथे कुणाला राजकारण दिसत नाही.

आई म्हणाली, “म्याडम, आमका गावात रवाचा आसा. ह्येका दिल्लीचा काय पडलाहा?”

“बारा वर्साची चेडवा येतत माझ्याकडे शिकाक. मी गप रवू?” मुलगा उसळला.

वडील गाडीची चावी बोटात फिरवत बसले होते. एक शब्द नाही.

बोलावं की गप्प राहावं, हे मी ठरवून देत नाही. त्याची किंमत कोण भरणार, एवढं मात्र मांडायला लावते. त्यासाठी मुलाला झिम्बाब्वेच्या दोन क्रिकेटपटूंचं सांगितलं. 10 फेब्रुवारी 2003, हरारे, विश्वचषकातला नामिबियाविरुद्धचा सामना. राष्ट्राध्यक्ष मुगाबे सत्तेवर. अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडाला काळ्या फिती बांधून उतरले, देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा शोक म्हणून. रागाच्या भरात नव्हे. निवेदन आधी लिहून, वकिलाचा सल्ला घेऊन. 34 वर्षांचा फ्लॉवर इंग्लंडमध्ये काउंटी खेळला, पुढे इंग्लंडचा प्रशिक्षक झाला. 26 वर्षांच्या ओलोंगाची आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्या विश्वचषकातच आटोपली. जिवाच्या धमक्यांमुळे देशही सोडावा लागला.

“तू यातला कोण?” मी विचारलं.

“मी बाराव्वो गडी,” तो म्हणाला. पहिल्यांदाच सगळे हसले.

मग कागद घेतला. मंडळातली जागा, जिल्हा निवड, खेळाडू कोट्यातून पोलीस भरतीची आशा, असं त्याने एकेक लिहिलं. “यात आणखी कोणाचं पोट आहे?” असं विचारल्यावर त्याला काही सुचेना. तेव्हा वडील बोलले. ते पतसंस्थेत नोकरीला, आणि मंडळाचे अध्यक्ष तिथलेच संचालक. सोमवारी त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं: पोराक आवरा, नायतर आमका इचार करूचो लागतलो. घरी हे कुणालाच माहीत नव्हतं.

मुलगा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “माका सांगाक व्हया होता, बाबा.”

माझ्या अनुभवात घराघरांतली ही भांडणं पक्षावरून कमी, अशा लपवलेल्या भीतीवरून जास्त पेटतात. आईबापांना वाटतं, पोरगा बेफिकीर आहे. पोराला वाटतं, हे घाबरट आहेत. प्रत्यक्षात दोघांपुढे वेगवेगळा हिशेब असतो.

पुढच्या भेटीपर्यंत त्याने ग्रुपवरच्या शिव्यांबद्दल माफी मागितली होती, मताबद्दल नाही. नव्याने चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्यात दिल्ली थोडी आणि स्वतःचं मंडळ जास्त होतं: मुलींच्या सरावाला एक बाई हजर असावी, तक्रार कुणाकडे करायची ते फलकावर लिहिलेलं असावं. वडिलांनी त्यातलं अध्यक्षांना टोमणा मारणारं एक वाक्य खोडायला लावलं. त्याने कुरकुरत खोडलं, बाकीचं टाकलं.

सरावाला आता एका मुलीची आई येऊन बसते. फलक अजून लागलेला नाही. वडिलांची नोकरी टिकली आहे, पण जिल्हा निवड चाचणीसाठी मंडळाने पाठवलेल्या यादीत मुलाचं नाव नव्हतं. मंडळ बदलायचं की तिथेच राहून भांडायचं, हे ठरवायला बापलेक पुढच्या आठवड्यात येणार आहेत. वेळ वडिलांनी मागून घेतली.