घरी खाऱ्या पाण्याचं अ‍ॅक्वेरियम करायला किती खर्च येतो?

३ बाय दीड बाय दीड फुटाची टाकी धरा, साधारण १९० लिटर पाणी बसतं त्यात. टाकी, लाइव्ह रॉक (उपयुक्त जिवाणू असलेले समुद्री दगड), प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र), लाइट, वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) असं सगळं धरून ५०-६० हजार तरी बाजूला ठेवा, आणि मासे त्यात धरलेले नाहीत बरं का. शिवाय पाणी २५-२६ डिग्रीला ठेवायचं असतं, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या एप्रिल-मे मध्ये चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतोच, लोक नेमकं तेच बजेटमध्ये विसरतात आणि मासे हकनाक मरतात, फार वाईट वाटतं बघताना.

महिन्याचं म्हणाल तर लिटरला ३५ ग्रॅम मीठ (समुद्री सॉल्ट मिक्स, घरातलं चालत नाही), दर आठवड्याला २० लिटर पाणी बदललं की महिन्याला ३ किलोच्या आसपास संपतं. त्यापेक्षा चिलरचं लाइटबिल जड जातं.

पाणी वाफ होऊन उडतं पण मीठ उडत नाही, काचेच्या कडेला पांढरी खरपुडी धरते, तेव्हा रोजची भर साध्या आरओ पाण्यानेच घाला.

आणि प्लीज, पहिले ४-६ आठवडे टाकी माशांशिवाय नुसती चालू द्या, अमोनिया (पाण्यात तयार होणारं, माशांना विषारी रसायन) शून्यावर आला की मगच क्लाउनफिशची जोडी आणा.