खिशातला तुटका टॅप

"मॅडम, गोड बोललं तर पोरं डोक्यावर बसतात आणि आवाज चढवला तर दुसऱ्या दिवशी कामावरच येत नाहीत. मी वागायचं तरी कसं?"

चाकणमधल्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या प्रॉडक्शन इन-चार्जचा हा प्रश्न. वय चौतीस. तिन्ही शिफ्ट मिळून हाताखाली साठेक माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त कॉन्ट्रॅक्टवरची. ही गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र त्यांच्या एकट्याचा नाही. बँकेतल्या शाखाधिकारी, आयटीतले टीम लीड, हॉस्पिटलमधल्या सिस्टर इन-चार्ज, सगळ्यांकडून मी तो ऐकते.

त्यांची झोप उडाली होती. रात्री दोन-दोनदा उठून फोन बघायचे, म्हणून बायकोने आग्रहाने माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं होतं. माझ्यासमोर बसले तेव्हाही फोन मांडीवर होता आणि हात त्यावर.

महिन्यापूर्वी रात्रपाळीत एका भोकाचा साईज वाढत गेला होता. भोक मोजायच्या प्लग गेजची नो-गो बाजू, म्हणजे जी आत जायलाच नको ती, आत जायला लागली होती. ऑपरेटरला ते कळलं, तरी त्याने मशिन थांबवलं नाही. सकाळपर्यंत चौदाशे नग निघाले, माल कस्टमरकडे गेला आणि तिथे लाइनवर पकडला गेला. "मला एक फोन केला असता तर चाळीस नगांवर भागलं असतं. या पोरांना काही पडलेलंच नाही हो."

मी त्यांना शिफ्टच्या ग्रुपवरचे स्वतःचे शेवटचे वीस मेसेज मोठ्याने वाचायला सांगितले. 'कोण होतं मशिनवर?' 'कोणी केलं?' 'नाव पाठवा.' 'आता कोणाची चूक?' आठव्या मेसेजला ते थांबले. 'काय झालं' असं एकदाही विचारलेलं नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं, की त्या रात्रीच्या आठवडाभर आधी एका मुलाने आपणहून येऊन चूक कबूल केली होती. "शिफ्ट बदलताना त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हटलं, बाकीच्यांना धडा मिळेल."

बाकीच्यांना धडा मिळालाच होता. सांगितलं तर समोर उभं राहावं लागतं, हा.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, तुम्ही शिकाऊ होता तेव्हा तुमचे साहेब कसे होते? बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, भोसरीला पहिली नोकरी होती, साहेब चुकलेला जॉब, म्हणजे मशिनवर बनत असलेला भाग, टेबलावर आपटायचे. एकदा टॅपिंग करताना टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, तुटून जॉबमध्ये अडकला. यांनी तो जॉब स्क्रॅपच्या ढिगाखाली सारला आणि वर राहिलेला तुकडा पँटच्या खिशात घातला. घरी जाताना मोशीच्या पुलावरून तो इंद्रायणीत टाकला. "बारा वर्षं झाली, बायकोलाही सांगितलेलं नाही." हे सांगताना त्यांचा उजवा हात खिशावर गेला होता. त्यांना ते कळलंही नव्हतं.

मी विचारलं, तेव्हा तुम्हाला कामाचं पडलेलं नव्हतं का?

"पडलेलं होतं. भीती वाटत होती."

माझ्या मते इथे केस उलगडली. आपण सौम्य की कडक या काट्यावर स्वतःला तोलत राहतो, पण साहेबाने स्वतःला विचारायचं ते वेगळंच: वाईट बातमी माझ्यापर्यंत किती लवकर पोहोचते? त्यांच्या लाइनवर टोयोटाच्या पद्धतीतला अँडॉन दिवा होता. अडचण दिसली की कामगाराने स्वतः दोरी ओढायची किंवा बटण दाबायचं, टीम लीडरने धावत यायचं आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबू द्यायची, अशी ती पद्धत. "आमच्याकडे ऑडिट असलं की पुसून ठेवतो," ते म्हणाले. बटण दाबणाऱ्याचं काय होतं हे सगळ्यांना माहीत असेल, तर दिवा कोण लावणार?

"पण मॅडम, टोयोटाची माणसं वेगळी." हे मला अनेकदा ऐकायला मिळतं, म्हणून मी त्यांना कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची हकीकत सांगितली. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना 1982 मध्ये बंद पडला. कामगार गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होते. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू झाला, बहुतांश जुन्याच कामगारांना घेऊन. गैरहजेरी झपाट्याने उतरली, गाड्यांचा दर्जा सुधारला. माणसं तीच होती, त्यांना वागवण्याची रीत बदलली होती.

त्यांना मी तीनच गोष्टी करायला सांगितल्या. पहिली: चूक कानावर आली की पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस". दुसरी: त्यानंतरचा प्रश्न "काय झालं?"; 'कोणी' हा शब्द मशिन पुन्हा सुरू होईपर्यंत तोंडात आणायचा नाही. या दोन्हींत शिस्त सैल करणं कुठेच नाही. सेफ्टी सेन्सर बायपास करणाऱ्यावर किंवा पिऊन येणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण टॅप तुटणं आणि सेन्सर बायपास करणं यांना एकच शिक्षा असेल, तर पोरं दोन्ही लपवतील.

तिसरी गोष्ट त्यांना जड गेली. टॅपची हकीकत शिफ्टच्या मीटिंगमध्ये सांगायची. "इज्जत जाईल." दोन आठवडे टाळलं, मग सांगितली. कोणी हसलं नाही, कोणी बोललंही नाही, आणि पुढचे आठ-दहा दिवस काहीच बदललं नाही. तेव्हा ते माझ्यावर जरा चिडलेही होते. मला ते योग्यच वाटलं. वर्षानुवर्षं बसलेली भीती एका गोष्टीने उठत नाही.

मग एका पहाटे ग्रुपवर मेसेज आला: 'साहेब माझ्याकडून इन्सर्ट तुटला. मशिन बंद ठेवलं आहे. 6 नग बाजूला ठेवले.' (इन्सर्ट म्हणजे मशिनच्या हत्याराचं कापणारं टोक.) यांनी सवयीने 'कसा काय' टाइप केलं, पुसलं आणि लिहिलं, 'बरं केलंस. येतो.'

त्या महिन्यात लाइनवर नोंदलेलं रिजेक्शन वाढलं. प्लँट हेडने बोलावून विचारलं, तुमच्याकडे हे काय चाललंय? ते घाबरून माझ्याकडे आले. त्यांना मी हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचा अभ्यास सांगितला. 1990 च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलमधल्या औषध देताना होणाऱ्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तिथली माणसं त्या लपवत नव्हती.

"हे प्लँट हेडना पटेल?"

मला माहीत नव्हतं, तसं मी म्हटलं. शेवटी आम्ही एका कागदावर दोन रकाने आखले: लाइनवर पकडलेले नग आणि कस्टमरकडून परत आलेले नग. पहिला आकडा वाढला होता. दुसऱ्या रकान्यात त्या महिन्यापुरतं शून्य होतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. सोमवारी दहा वाजता मीटिंग होती.