बातमीत एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तर काय बिघडतं? पत्रकारितेची मुलं एवढा कीस का काढतात?

मी पुण्यात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वर्गात माझं नाव ‘शुद्धिपत्रक’ पडलंय. त्यामुळे हा प्रश्न मी अंगावर ओढवून घेतो.

सुरुवात माझ्याच चुकीने झाली. पहिल्या वर्षी भित्तिपत्रकासाठी मुठा नदीच्या पाण्याची बातमी लिहिली आणि विसर्गाच्या, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याच्या, आकड्यापुढे ‘क्युसेक प्रति सेकंद’ असं ठोकून दिलं. वर कौतुकाने फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खालच्या मजल्यावरचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जिन्यात गाठून म्हणाले, “अरे, क्युसेक म्हणजेच सेकंदाला एक घनफूट. त्यावर आणखी सेकंद कशाला चढवलास?” तो शब्द मी शंभरदा वाचला असेन, अर्थ एकदाही पाहिला नव्हता.

मग तिथेच उभ्या उभ्या त्यांनी हिशोब शिकवला. क्युसेक म्हणजे पाणी किती वेगाने जातंय, टीएमसी म्हणजे एकूण किती पाणी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. २५ हजार क्युसेकने सलग ११ तास सोडलं, तेव्हा कुठे एक टीएमसी खाली जातं.

गेल्या पावसाळ्यात मुठेकाठच्या सिंहगड रोडला राहणाऱ्या मावशीने रात्री एक बातमी पाठवली: ‘खडकवासल्यातून २५ हजार टीएमसी पाणी सोडलं’. आता खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली, तरी सगळं मिळून साधारण २९ टीएमसी! लिहिणाऱ्याला वाटलं असणार, लोक समजून घेतात. मावशीच्या सासूबाईंनी नाही समजून घेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या नारायण पेठेत होत्या. त्यांनी कपाटातून घराचे कागद काढून पिशवीत भरलेसुद्धा.

खरं सांगायचं तर मला त्या एककापेक्षा जास्त खटकलं ते वेगळंच. बातमीत वेळच नव्हती. पाऊस लागला की विसर्ग तासातासाला बदलतो. सकाळी नऊचा आकडा रात्री नऊला फिरत असेल, तर तो अगदी बरोबर असूनही उपयोगाचा नाही. हे अजून कितीतरी बातम्यांत दिसतं आणि त्यात व्याकरणाची चूक नसल्याने कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

मी लगेच मावशीला फोन लावून क्युसेक, टीएमसी, अकरा तास, सगळं ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं, पण पार्किंगमधली गाडी हलवू का नको?”

ते मला सांगता येईना. फोन ठेवून ताजा आकडा शोधला. विसर्ग आणखी वाढवणार होते. परत फोन केला आणि म्हटलं, “हलव.”