गाडीतून न उतरणारा मुलगा

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. पाचवीपर्यंत रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणायचा, गीतेचा पंधरावा अध्याय तोंडपाठ होता. आता देवापुढे बसवलं की उठून जातो. काही सांगायला गेलं तर ‘तू आधी स्वतःचं बघ’ म्हणतो. रविवारी माहेरी जाताना गोदावरीवरच्या होळकर पुलावर निर्माल्याची कॅरीबॅग सोडायला आम्ही थांबतो, तेव्हा तो गाडीतून खालीसुद्धा उतरत नाही. त्याला संस्कारवर्गाला घालावं का? – एक आई, पंचवटी

उत्तर : ताई, वर्गाचं राहू द्या. पुलाचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण दुखणं तिथेच आहे. घरात जिला गंगा म्हणून हात जोडायला शिकवलंत, तिच्यातच गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी टाकता. पोराने तुमचं शिकवणं खरं मानलं, म्हणून तो उतरत नाही. मला तर त्याचं कौतुक वाटतं.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला 21वा श्लोक, ‘यद्यदाचरति श्रेष्ठः’, तुम्हाला येत असेल. त्याची दुसरी ओळ सावकाश वाचा: ‘स यत्प्रमाणं कुरुते लोकस्तदनुवर्तते’. मोठा माणूस जे प्रमाण घालून देतो, त्याच्यामागे लोक जातात. पुढच्याच श्लोकात श्रीकृष्ण स्वतःलाही सूट देत नाही. तिन्ही लोकांत मला मिळवायचं काही उरलेलं नाही, तरी मी कर्म करतोच, म्हणतो. ज्ञानोबांनी तर हे थेट घरात आणून ठेवलं: ‘एथ वडील जें जें करिती । तया नाम धर्मु ठेविती’. करिती म्हटलंय, ताई, सांगती नाही.

आणि तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला गुरू काय सांगतात? ‘यान्यस्माकं सुचरितानि तानि त्वयोपास्यानि नो इतराणि.’ आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच घे, बाकीचं नको. तुमचा मुलगा नेमकं हेच करतोय, आणि तुम्ही त्याला उलट बोलणारा म्हणताय.

येत्या रविवारी पुलावर थांबू नका, निर्माल्याचं घरीच खत करा. झाकणाची जुनी 20 लिटरची बादली घ्या, बुडाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताट ठेवा. तळाशी चार बोटं वाळका पाला घाला. निर्माल्यातला हाराचा दोरा, जरीचे धागे, कापराची वेष्टणं, तेलकट वाती आधी काढून टाका. दोरा राहिला तर पुढे ढवळताना सगळा गुंता होतो. फुलं कुस्करून घाला, बेलाची पानं फाडून, कारण ती लवकर कुजत नाहीत. वर मूठभर कुंडीतली माती, पहिल्या दिवशी वाटीभर आंबट ताक. नैवेद्य त्यात टाकू नका, मुंग्या आणि उंदीर येतात. आठवड्यातून दोनदा खालीवर करा. वास आला तर ओल जास्त झालीय, पाला वाढवा. अगदी कोरडं पडलं तर पाण्याचा हबका मारा. बादली भरली की घालणं थांबवा. दोनेक महिन्यांत काळी, भुसभुशीत माती होते.

हे सगळं त्याच्यादेखत करा, पण त्याला बोलावू नका. श्लोक तर अजिबात ऐकवू नका. एकदाच म्हणा, ‘पुलावरचं माझं चुकत होतं.’ पुढे ‘पण’ लावू नका. आणि कधी तो आपणहून दोरा सोडवायला बसलाच, तर शाबासकीही देऊ नका. शेजारी बसून दुसरा हार सोडवायला घ्या.