तीनदा लिहिलेला माल

प्रश्न : भोसरीत आमचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, उलाढाल सहा कोटींच्या आसपास. आलेला माल गेटवर वहीत, स्टोअरमध्ये एक्सेलमध्ये आणि ऑफिसात टॅलीत चढतो. एवढं करूनही महिनाअखेरीला स्टॉक जुळत नाही. ईआरपी (खरेदी, स्टोअर, विक्री आणि हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यावं का?

तीन ठिकाणी लिहिता म्हणूनच जुळत नाही. गेटवर ‘8 चा बोल्ट’, स्टोअरमध्ये ‘हेक्स बोल्ट 8x25’, टॅलीत ‘बोल्ट एम8’. संगणकाच्या लेखी या तीन वेगळ्या वस्तू आहेत. ईआरपी आणलंत तरी त्या तीनच राहतील, वर हप्ते सुरू होतील.

आधी आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या वस्तूंची मूळ यादी, साफ करा. वस्तूला एकच कोड, आणि नवा कोड उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे. काम कंटाळवाणं आहे. डेमो दाखवायला येणारा व्हेंडर त्याचं नावही काढत नाही. मग जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाची नोंद, गेटजवळच, गाडी उभी असताना, पीओ (खरेदीची ऑर्डर) समोर उघडून करा. पीओत 500 नग, चलनावर 500, मोजले तर 480. हा 20 नगांचा घोळ ड्रायव्हर समोर असताना पाच मिनिटांत मिटतो. पंधरा दिवसांनी टॅलीत सापडला, तर सप्लायरशी नुसती वादावादी. रिजेक्शनही त्याच जीआरएनवर टाका. ऑफिसनं फक्त बिल जुळवायचं, पुन्हा माल चढवायचा नाही.

प्लेटिंगला, हार्डनिंगला बाहेर गेलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर पाठवला त्या दिवशीच विक्री झाली असं धरून जीएसटी लागतो. दहाव्या महिन्यात आपोआप आठवण देणारी साधी सोय एक्सेलमध्येही होते. ती आधी करा.

विक्रीकडेही बघा. पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून व्यावसायिक ग्राहकांच्या बिलांसाठी ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागू आहे. त्यातली माहिती जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रात आपोआप उतरते, माल वाहतुकीच्या ई-वे बिलाचा पहिला भागही तिच्यातूनच भरता येतो. तरी कुणी ते वेगळं टाइप करत असेल, तर ते आजच बंद करा. ईआरपीचं सहा महिन्यांनी बोलू.

प्रश्न : कोल्हापुरात किराण्याचा होलसेल व्यवसाय आहे. खेड्यांतले दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी देतात, निम्म्या तर बोलून. बॉट बसवला तर?

‘मागच्यासारखंच पाठवा, साखर दोन कट्टे जास्त’ असं सांगणाऱ्याला बॉट ‘1 दाबा, 2 दाबा’ करायला लागला, तर तो शेजारच्या होलसेलरला फोन लावेल. ऑर्डर त्याच्या पद्धतीनं येऊ द्या. ऐकणाऱ्या मुलानं मात्र ती कागदावर न उतरवता थेट सेल्स ऑर्डरमध्ये घालावी. गोदामाची यादी, बिल, उधारीची मर्यादा हे पुढचं सगळं मशीन बघेल.

तुमचा खरा वेळ वसुलीत जात असणार. काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआरवर पैसे येतात, पण कुठल्या बिलाचे ते समजत नाही. मग संध्याकाळी स्क्रीनशॉट शोधत बसायचं. प्रत्येक बिलावर त्याच बिलाचा, रकमेसह क्यूआर छापला तर जमा रक्कम आपसूक त्या बिलाला लागते. अर्थात 18,640 च्या बिलावर ‘सध्या दहा घ्या’ म्हणणाऱ्यासाठी अजून तरी वहीच.

प्रश्न : नाशिकला एका कंपनीत अकाउंट्स बघते. जीएसटीआर-2बी (सप्लायरनी भरलेल्या बिलांवरून आपल्याला मिळणाऱ्या कराच्या क्रेडिटचं पोर्टलवरचं विवरण) आमच्या बिलांशी जुळवण्यात महिन्याचे चार दिवस जातात. आता मालक त्यासाठी सॉफ्टवेअर आणतायत. माझं काय?

2बी 14 तारखेला येतं, कर भरायचं 3बी विवरणपत्र 20 ला भरायचं, त्यात चार दिवस जुळणीत घालवणं म्हणजे जीव टांगणीला. जीएसटी नंबर आणि रक्कम यंत्र चुटकीसरशी जुळवतं. अडतं ते बिल क्रमांकावर : कागदावर ‘एसटी/045/25-26’, सप्लायरनं पोर्टलवर भरलंय नुसतं ‘45’. अशा तऱ्हा कुठल्या सप्लायरच्या आहेत हे तुम्हाला तोंडपाठ असेल, तेव्हा जुळणीचे नियम तुम्हीच लिहून द्या. ज्यांनी बिल भरलेलंच नाही, त्यांना फोन करून ‘क्रेडिट दिसेपर्यंत कराची रक्कम थांबेल’ असं ठणकावायला माणूसच लागतो.

खोटा धीर देणार नाही, नुसत्या एंट्रीच्या जागा कमी होणार. पण हा प्रश्न मालकांना विचारायचा सोडून मला विचारावा लागतो, ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

प्रश्न : पुण्यात आमची छोटी कंपनी आहे. प्रत्येक पेमेंटला माझी सही लागते. मंजुरी अ‍ॅपवर घेतली तर वेग येईल ना?

टेबलावरची थप्पी मोबाइलमध्ये जाईल, एवढंच. पीओ, जीआरएन आणि बिल तिन्ही जुळत असतील आणि रक्कम तुम्ही ठरवलेल्या मर्यादेत असेल, तर ते बिल तुमच्याकडे येताच कामा नये. देय तारखेप्रमाणे पेमेंटच्या यादीत बसावं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं वर ठेवा. लेखी करार नसेल तर 15 दिवस, असला तरी 45 च्या पुढे नाही, आणि उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज.

सप्लायरचा बँक खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला, तर मात्र रक्कम कितीही लहान असो, पेमेंट तुमच्याकडेच थांबलं पाहिजे. मेलमधल्या नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री झाल्यावरच ते सोडा.